नाव आणि रक्षण : ग्रेट बॅरिअर रीफवरील प्रवाळ-वर्गीकरणाचा इतिहास

प्रस्तावना

१९६७ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याच्या इनिसफेल या लहानशा गावी, खाणविषयक अर्जांची सुनावणी करणाऱ्या न्यायालयासमोर एक अर्ज आला. ग्रेट बॅरिअर रीफ या जगातील सर्वांत मोठ्या प्रवाळभित्ती-समूहापैकी एलिसन रीफ नावाची एक भित्ती खणावी आणि तिची चुनखडी उसाच्या शेतीसाठी वापरावी, अशी परवानगी अर्जदाराने मागितली होती. ही भित्ती मृत आहे, तेव्हा ती खणल्याने कोणाचेही नुकसान होत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. अर्जाला विरोध करणाऱ्यांनी पाण्यात उतरून भित्तीची पाहणी केली. त्यांनी केलेल्या नोंदीत प्रवाळांच्या ८८, मृदुकाय प्राण्यांच्या ६० आणि माशांच्या १९० जाती होत्या. अर्ज फेटाळला गेला.

ऑस्ट्रेलियातील पर्यावरण चळवळीच्या इतिहासात ही घटना आवर्जून सांगितली जाते. कवयित्री ज्युडिथ राइट यांच्या ‘द कोरल बॅटलग्राउंड’ (१९७७) या ग्रंथाने तिला त्या देशाच्या स्मृतीत कायमचे स्थान दिले. परंतु या सर्व कथनात ‘८८’ हा आकडा कोठून आला, तो मोजणे कशामुळे शक्य झाले आणि तो कितपत पक्का होता, याचा विचार क्वचितच झालेला दिसतो. प्रवाळाच्या एखाद्या तुकड्याला शास्त्रीय नाव देणे हे काम वरकरणी रुक्ष, संग्रहालयातील कपाटांशी निगडित आणि सार्वजनिक जीवनापासून दूरचे वाटते. प्रत्यक्षात गेल्या सव्वाशे वर्षांत प्रवाळभित्तींविषयीचे अनेक महत्त्वाचे निर्णय या नावांच्या आधाराने झाले आहेत आणि नाव चुकले तेव्हा निर्णयही फसव्या पायावर उभे राहिले आहेत. प्रस्तुत निबंधात ग्रेट बॅरिअर रीफच्या संदर्भात या संबंधाचा मागोवा घेतला आहे. याच प्रश्नाचे भारतीय रूप अखेरीस विचारात घेतले आहे. कारण भारतीय कायद्याने प्रवाळांना संरक्षण दिले ते थेट वर्गीकरणशास्त्रातील नावे वापरून.

निबंधात ‘जाती’ आणि ‘वंश’ हे शब्द जीवशास्त्रीय अर्थाने योजले आहेत. सजीवाच्या शास्त्रीय नावातील पहिला शब्द वंशाचा आणि दोन्ही शब्द मिळून जातीचा निर्देश करतात. अनेक वंशांचे कुल आणि अनेक कुलांचा गण, अशी ही चढती रचना आहे.

दगड, वनस्पती की प्राणी?

प्रवाळ हा प्राणी आहे, हे मान्य होण्यासही दीर्घ काळ लागला. मार्सिली या इटालियन निसर्ग-अभ्यासकाने अठराव्या शतकाच्या प्रारंभी लाल प्रवाळाची ‘फुले’ पाहिल्याचे नोंदवले आणि प्रवाळ ही वनस्पती असल्याची समजूत दृढ झाली. मार्सेय येथील वैद्य झाँ-आंद्रे पेसोनेल याने १७२० च्या दशकात ही फुले नसून लहान प्राणी आहेत असे प्रतिपादन केले. पॅरिसच्या विज्ञान अकादमीतील रेओम्युर या वजनदार सदस्याने ते मत इतके अविश्वसनीय मानले की, ते मांडताना पेसोनेलचे नाव घेण्याचेही टाळले. पेसोनेलचे म्हणणे लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १७५१ मध्ये प्रसिद्ध झाले. १७५८ मध्ये लिनियसने प्राणिसृष्टीच्या आपल्या मांडणीत प्रवाळांना नावे दिली आणि तेथून आजच्या नामकरणाची गणना सुरू होते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. नवरत्नांतील लाल पोवळे आणि प्रवाळभित्ती बांधणारे प्रवाळ हे एकच, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. पोवळ्याच्या प्राण्याला आठ शुंडके असतात, तर भित्ती बांधणाऱ्या कठीण प्रवाळांत ती सहाच्या पटीत असतात. हे दोन गट एकमेकांपासून फार दूरचे आहेत. ‘प्रवाळ’ हा शब्द कायद्यात किंवा शासकीय आदेशात आला की तो नेमका कोणत्या गटाला लागू होतो हे सांगावे लागते, त्याचे कारण हेच.

कपाटातील प्रवाळ

ग्रेट बॅरिअर रीफच्या प्रवाळांना मोठ्या प्रमाणावर नावे मिळाली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि तीही लंडनमध्ये. क्वीन्सलँड वसाहतीचे मत्स्यव्यवसाय आयुक्त विल्यम सॅव्हिल-केंट यांनी ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या भित्तींची छायाचित्रे घेतली आणि १८९३ मध्ये त्यांवर भव्य ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी जमविलेले नमुने ब्रिटिश म्युझियममध्ये गेले. त्याच वर्षी संग्रहालयाने प्रवाळांच्या बृहत्सूचीचा पहिला खंड काढला. जॉर्ज ब्रूक यांनी लिहिलेला हा खंड आज ‘अ‍ॅक्रोपोरा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शाखायुक्त प्रवाळांविषयी आहे. हा प्रवाळांतील सर्वांत मोठा वंश होय आणि भित्तीची वाढ व तिचा आकार यांत त्याचा वाटा फार मोठा आहे.

ब्रूक यांच्या हाती आले ते वाळलेले पांढरे सांगाडे. बोटीतून लंडनला पोहोचेपर्यंत प्राण्याचा मऊ भाग नष्ट झालेला असे. एका जातीचे एक-दोनच तुकडे उपलब्ध असत. आता अडचण अशी की, प्रवाळाची एकच जाती लाटांचा मारा असलेल्या कडेवर आखूड व जाड वाढते, शांत पाण्यात लांब व नाजूक फांद्या काढते आणि खोल, अंधाऱ्या जागी प्रकाश मिळविण्यासाठी पसरट होते. समुद्र न पाहता, केवळ तुकड्यांवरून नावे देणाऱ्याला हे सर्व भिन्न प्राणी वाटले तर नवल नाही. ब्रूक यांच्या खंडात नव्या नावांची मोठी भर पडली.

सूचीचे पुढील खंड हेन्री बर्नार्ड यांच्याकडे आले. ‘पोरायटिस’ या गोलसर, खडकासारख्या प्रवाळांपर्यंत पोहोचेतो त्यांचा जातिकल्पनेवरील विश्वासच डळमळीत झाला. १९०५-०६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खंडांत त्यांनी लिनियसची द्विनाम पद्धत बाजूला ठेवली आणि नमुन्यांना स्थळाचे नाव व क्रमांक दिले : अमुक बेटावरील पहिला, अमुक किनाऱ्यावरील तिसरा, याप्रमाणे. वर्गीकरणशास्त्राच्या इतिहासात ही पद्धत एक विक्षिप्त प्रयोग म्हणून सांगितली जाते. तथापि तिच्यातील प्रामाणिकपणा नाकारता येत नाही. सीमारेषा दिसत नसताना ती ओढण्यास बर्नार्ड यांनी नकार दिला. मात्र क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या प्राण्याची तुलना दुसऱ्या समुद्रातील प्राण्याशी करता येत नाही आणि तो किती ठिकाणी आहे व कोठून नाहीसा झाला हेही सांगता येत नाही. त्यांची पद्धत पुढे कोणी स्वीकारली नाही.

याच सूचीचा सातवा खंड (१९२८) एका भारतीय अभ्यासकाचा आहे, ही बाब आपल्याकडे फारशी ज्ञात नाही. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजातील प्राणिशास्त्राचे प्राध्यापक जॉर्ज मथाई यांनी मेंदूसारख्या वळ्या असलेल्या प्रवाळांवर तो लिहिला. १९२८-२९ मध्ये सी. एम. याँग यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश मोहीम ग्रेट बॅरिअर रीफवरील लो आइल्स या बेटांवर सुमारे वर्षभर राहिली. तेथे जिवंत प्रवाळाचे पोषण, वाढ आणि प्रजनन यांचा अभ्यास झाला. मोहिमेने जमविलेल्या प्रवाळांवरील सिरिल क्रॉसलँड यांचा वर्गीकरणविषयक अहवाल मात्र १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. संग्रह आणि ग्रंथ यांत जवळजवळ पाव शतक लोटले. या काळात कोणी भित्तीच्या रक्षणासाठी पुराव्याची मागणी केली असती, तर तो कपाटात होता असेच म्हणावे लागेल.

एलिसन रीफची सुनावणी

१९६७ च्या घटनेकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. अर्जाला विरोध करणाऱ्यांत बिंगिल बे येथील चित्रकार जॉन ब्यूस्ट हे अग्रभागी होते. क्वीन्सलँड लिटोरल सोसायटी या नुकत्याच (१९६५) स्थापन झालेल्या संस्थेचे एडी हेगर्ल आणि त्यांचे तरुण सहकारी ब्रिस्बेनहून उत्तरेला आले व त्यांनी भित्तीभोवती पाण्यात उतरून नोंदी केल्या. शासन खाणकामास अनुकूल होते. ‘नियंत्रित वापरास’ हरकत नसावी असे मानणारा प्रवाह शास्त्रज्ञांतही होता. १९६८ मध्ये राज्य शासनाच्या निमंत्रणावरून आलेले अमेरिकन भूशास्त्रज्ञ हॅरी लॅड यांनी भित्तीचा काही भाग चुनखडी व खनिज तेल यांसाठी वापरण्यास अनुकूल असाच अहवाल दिला.

अर्जदाराच्या ‘मृत भित्ती’ या शब्दांत एक वैज्ञानिक मेख होती. प्रवाळभित्ती ही हजारो वर्षांच्या सांगाड्यांची रास असते आणि जिवंत प्राणी तिच्यावर एका पातळ थराच्या रूपाने वसतात. त्या अर्थी प्रत्येक भित्ती बहुतांशी मृतच असते. ओहोटीला उघडा पडणारा तिचा माथा तर नेहमीच उजाड दिसतो. नावेतून पाहणाऱ्याला तेवढाच भाग दिसतो. तेव्हा ‘येथे पुष्कळ जिवंत प्रवाळ आहेत’ असे मोघम सांगून भागले नसते, कारण ‘पुष्कळ’ या शब्दाला तितकाच मोघम प्रतिवाद करता येतो. ८८ जातींच्या यादीला तसे उत्तर देता येत नव्हते. अर्जदाराकडे प्रति-यादी नव्हती.

या यादीचे मूल्यमापन करताना एक गोष्ट स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. १९६७ मध्ये ग्रेट बॅरिअर रीफच्या प्रवाळांची ओळख पटविण्यासाठी पाण्यात उतरणाऱ्याच्या उपयोगी पडेल असा आधुनिक ग्रंथ उपलब्ध नव्हता. आधार होता तो ब्रूक, बर्नार्ड, क्रॉसलँड यांच्या संग्रहालयीन ग्रंथांचा आणि त्यांतून तयार झालेल्या परंपरेचा. त्यामुळे त्या यादीतील प्रत्येक नाव आजच्या कसोटीवर टिकेल असे मानण्याचे कारण नाही. तरीही निर्णय योग्य झाला. वर्गीकरण अपुरे असूनही उपयोगी पडू शकते याचे हे चांगले उदाहरण होय. साठ-सत्तर वर्षांपूर्वी लंडनच्या तळघरांत बसून ज्यांनी नावे दिली, त्यांच्या मनात भित्तीच्या रक्षणाचा विचार असण्याचा संभव कमी आहे. त्यांच्या श्रमाचा हा उपयोग पुढच्या पिढीने शोधला.

एलिसन रीफनंतरचा संघर्ष तेल-उत्खननाभोवती फिरला. १९७० च्या मार्चमध्ये टॉरेस सामुद्रधुनीत ‘ओशनिक ग्रँजर’ या तेलवाहू जहाजाला अपघात झाला. कामगार संघटनांनी तेल-विहिरीच्या कामावर बहिष्कार घातला. पुढे चौकशी आयोग नेमले गेले आणि १९७५ मध्ये ग्रेट बॅरिअर रीफ मरीन पार्क कायदा संमत होऊन उद्यानाच्या क्षेत्रात खाणकामास बंदी झाली. १९८१ मध्ये भित्तीचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. लक्षात घेण्याजोगे हे की, १९७५ च्या कायद्याने जागेला संरक्षण दिले. त्याचा पाया जातींची नावे हा नव्हता. त्यामुळे वर्गीकरणाचे काम आता संपले असे वाटण्याची शक्यता होती. झाले उलटेच.

पाण्याखालील वर्गीकरण

ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्स या संस्थेची स्थापना १९७२ मध्ये झाली. तेथील जे. ई. एन. व्हेरन यांनी स्कूबा उपकरणाच्या साहाय्याने स्वतः पाण्यात उतरून प्रवाळांचा अभ्यास आरंभला. एकच जाती भित्तीच्या निरनिराळ्या भागांत कसकशी रूपे घेते हे त्यांना एका सूरात, काही मीटरांच्या अंतरात पाहता आले. ब्रूक यांना ते अशक्य होते. मिशेल पिशाँ, कार्डन वॉलेस आदी सहकाऱ्यांसह त्यांनी १९७६ ते १९८४ या काळात पूर्व ऑस्ट्रेलियाच्या कठीण प्रवाळांवर पाच भागांचा ग्रंथ सिद्ध केला. जुन्या सूचींतील कितीतरी नावे एकाच जातीची निरनिराळी रूपे म्हणून रद्द झाली व पर्यायनामांच्या रकान्यात गेली. २००० मध्ये व्हेरन यांचा ‘कोरल्स ऑफ द वर्ल्ड’ हा तीन खंडांचा ग्रंथ आला आणि जगभर भित्तीवर काम करणाऱ्यांच्या हाती प्रथमच समान शब्दसंपत्ती आली.

तिचे परिणाम धोरणांत लगेच दिसले. कोणत्या समुद्रात किती जाती आहेत याचे नकाशे तयार होताच इंडोनेशिया, फिलिपाइन्स, मलेशिया, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटे व पूर्व तिमोर यांच्या समुद्रांत जगातील सुमारे तीन चतुर्थांश प्रवाळ-जाती एकवटल्याचे स्पष्ट झाले. याच प्रदेशाला ‘प्रवाळ त्रिकोण’ असे नाव मिळाले आणि २००९ मध्ये या सहा राष्ट्रांनी त्याच्या रक्षणासाठी संयुक्त उपक्रम जाहीर केला. जातींच्या यादीतून काढलेली रेषा राजकीय कराराची सीमा झाली. ऑस्ट्रेलियातही १ जुलै २००४ रोजी उद्यानाच्या विभागणीची नवी योजना लागू झाली, तेव्हा सजीवांच्या वितरणावरून भित्ती व तिच्या आसपासच्या समुद्राचे ७० जैव-प्रदेश पाडण्यात आले होते. प्रत्येक प्रदेशाचा किमान २० टक्के भाग मासेमारीमुक्त असावा असे तत्त्व होते. परिणामी, पूर्वी ५ टक्क्यांहून कमी असलेले मासेमारीमुक्त क्षेत्र ३३ टक्क्यांवर गेले. जागेच्या कायद्यालाही, कोणती जागा हे ठरविण्यासाठी, शेवटी नावांकडेच यावे लागले.

जातिनिहाय नोंदीमुळेच २००८ मध्ये भित्ती बांधणाऱ्या ८४५ जातींची धोक्याच्या दृष्टीने तपासणी शक्य झाली. त्यांपैकी १४१ जातींविषयी निष्कर्ष काढण्याइतकी माहितीच नव्हती; उरलेल्या ७०४ पैकी सुमारे एक तृतीयांश जाती संकटग्रस्त ठरल्या. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने ८९२ जातींचे फेरमूल्यांकन जाहीर केले तेव्हा हे प्रमाण ४४ टक्क्यांवर गेले होते.

एक की अनेक?

नावे कमी करण्याच्या या कार्यात एक धोका दडलेला होता आणि तो ध्यानात यायला वेळ लागला. एका नावाखाली जितकी रूपे गोळा होतील तितकी ती जाती विस्तृत प्रदेशात पसरलेली दिसते. विस्तृत प्रदेशातील जाती सहसा सुरक्षित मानली जाते.

याचे पहिले ठळक उदाहरण कॅरिबियन समुद्रातले. तेथील भित्तींचा आधारस्तंभ मानला जाणारा एक प्रवाळ दीर्घकाळ एकच जाती म्हणून ओळखला जाई. स्तंभासारखी, पत्र्यासारखी आणि उंचवट्यांची अशी त्याची तीन रूपे केवळ परिसराचा परिणाम समजली जात. नॅन्सी नोल्टन, एर्नेस्टो वाइल व सहकाऱ्यांनी १९९२ ते १९९४ या काळात दाखविले की ती तीन स्वतंत्र जाती असून त्यांचा वाढीचा वेगही भिन्न आहे. या प्रवाळाच्या वार्षिक थरांवरून गतकालीन समुद्राचे तापमान काढले जाई. तीन जातींचे आकडे एकत्र मिसळल्याने त्या अनुमानांतही दोष शिरण्याची शक्यता निर्माण झाली. २०१४ मध्ये अमेरिकेने आपल्या संकटग्रस्त-जाती कायद्याखाली या तिन्हींची स्वतंत्रपणे नोंद केली. याउलट त्याच समुद्रातील अ‍ॅक्रोपोरा प्रोलिफेरा हा प्रवाळ दोन जातींचा संकर असल्याचे २००२ मध्ये सिद्ध झाले. २००६ मध्ये त्याच्या दोन्ही जनक-जातींना त्या कायद्याचे संरक्षण मिळाले, संकराला मिळाले नाही. जातीचे नाव नाही म्हणून हक्कही नाही, असा हा सरळ हिशेब होता.

ग्रेट बॅरिअर रीफवरील उदाहरण अधिक अलीकडचे असून इतिहासाच्या अभ्यासकाला विशेष विचार करायला लावणारे आहे. अ‍ॅक्रोपोरा टेनुइस ही जाती अमेरिकन निसर्ग-अभ्यासक जेम्स डेना यांनी १८४६ मध्ये फिजी येथील नमुन्यावरून वर्णिली. पुढे हिंदी व प्रशांत महासागरांत सर्वत्र आढळणारी जाती म्हणून तिची ख्याती झाली. ग्रेट बॅरिअर रीफवर प्रवाळांचे प्रजनन, उष्णता सोसण्याची क्षमता, अळ्या वाढवून भित्तीचे पुनरुज्जीवन इत्यादी विषयांवर झालेल्या असंख्य प्रयोगांत हेच नाव वापरले गेले. टॉम ब्रिज व सहकाऱ्यांनी २०२३-२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, ज्या ठिकाणांहून मूळ नमुने आले त्या परिसरातील प्रवाळांची आनुवंशिक तपासणी व जुन्या नमुन्यांशी तुलना करून असे दाखविले की, ग्रेट बॅरिअर रीफवरील प्रवाळ अ‍ॅक्रोपोरा टेनुइस नव्हेच. ती अ‍ॅक्रोपोरा केंटी होय. हे नाव १८९२ मध्ये ब्रूक यांनीच, सॅव्हिल-केंट यांच्या गौरवार्थ दिले होते आणि विसाव्या शतकात ते रद्द समजले जात होते.

यावरून ब्रूक बरोबर आणि व्हेरन चूक असा निवाडा करणे घाईचे ठरेल. ब्रूक यांची कितीतरी नावे खरोखरच निरर्थक होती आणि पाण्याखालील निरीक्षणाशिवाय पुढची पायरी गाठता आली नसती. मात्र, संपूर्ण महासागरांत पसरलेली मानलेली जाती प्रत्यक्षात अनेक मर्यादित जातींचा समूह निघाल्याने तिच्या सुरक्षिततेचा अंदाज बदलतो, हे निश्चित. एका समुद्रातील भित्ती उजाड झाली तर दुसऱ्या समुद्रातून ‘तीच’ जाती आणून लावता येईल, या कल्पनेलाही त्यामुळे धक्का बसतो.

प्रश्नाची निकड गेल्या दशकाने वाढविली आहे. समुद्राच्या तापमानवाढीमुळे प्रवाळ आपल्या शरीरातील सहजीवी शैवाल गमावतात व पांढरे पडतात. ग्रेट बॅरिअर रीफवर २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४ आणि २०२५ असे सहा वेळा हे संकट मोठ्या प्रमाणावर आले. तरीही २०२२ च्या वार्षिक पाहणीत भित्तीच्या उत्तर व मध्य भागांत जिवंत प्रवाळांचे आच्छादन ३६ वर्षांतील सर्वाधिक आढळले आणि संकट टळल्याचे दावे काही वृत्तपत्रांतून झाले. आच्छादनातील ही वाढ मुख्यतः शीघ्र वाढणाऱ्या अ‍ॅक्रोपोरांची होती आणि उष्णतेला, वादळाला व काटेरी मुकुटासारख्या तारामाशाला सर्वांत आधी बळी पडतात ते हेच. २०२५ च्या अहवालात आच्छादनाची तीव्र घट नोंदविली गेली. टक्केवारी मोजणारा आकडा कोण वाढले आणि कोण गेले हे सांगत नाही.

भारतीय कायद्यातील नाव

प्रवाळभित्तीविषयक पहिली आंतरराष्ट्रीय परिषद जानेवारी १९६९ मध्ये तामिळनाडूतील मंडपम कॅम्प येथे भरली होती. दुसरी १९७३ मध्ये ग्रेट बॅरिअर रीफवर, जहाजावर झाली. मंडपम येथे परिषद भरण्यास कारण होते. तेथील केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेत सी. एस. गोपीनाथ पिल्लई मन्नारचे आखात, पाल्कची सामुद्रधुनी व पुढे मिनिकॉय येथील प्रवाळांच्या जातींची पद्धतशीर नोंद करीत होते. भारतीय प्रवाळांच्या आजच्या याद्यांचा पाया त्यांनी घातला. त्याच वेळी मन्नारच्या आखातातील भित्ती चुन्यासाठी व सिमेंटसाठी खणल्या जात होत्या. एलिसन रीफवरील अर्जदाराला हवी होती तीच वस्तू येथे वर्षानुवर्षे काढली जात होती, फरक इतकाच की येथे सुनावणी झाली नाही. १९८६ मध्ये आखातातील बेटांचे सागरी राष्ट्रीय उद्यान झाले, तरी खणणे लगेच थांबले नाही.

२००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांचा समावेश झाला. अनुसूचीतील भाषा पाहण्यासारखी आहे. भित्ती बांधणारे प्रवाळ असे म्हणून कंसात स्क्लेरॅक्टिनिया गणातील सर्व, काळे प्रवाळ म्हणून अँटिपॅथारिया गणातील सर्व, शिवाय ट्युबिपोरा म्युझिका ही एक जाती, मिलेपोरा हा वंश आणि समुद्र-पंखे, अशी ती नोंद आहे. ऑस्ट्रेलियाने जागेला कुंपण घातले. भारताने येथे नावाला घातले. स्क्लेरॅक्टिनियाचे प्रत्येक नाव आंतरराष्ट्रीय व्यापारावरील सायटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातही १९९० पासून आहे. मात्र बंदरावरील अधिकाऱ्याला जाती ओळखणे अशक्यप्राय असल्याने अनेक प्रवाळांच्या बाबतीत केवळ वंशाच्या नावावर काम चालवण्याची मुभा त्या करारात ठेवावी लागली.

भारतीय अनुसूचीने गणाचे नाव घेतल्यामुळे वनरक्षकाला जाती ओळखण्याची गरज उरली नाही. तो गुण खराच. प्रवाळ खणणाऱ्याला ‘ही जाती यादीत नाही’ असे म्हणण्याची सोय राहिली नाही. परंतु ज्या कायद्यासमोर शेकडो जाती समान आहेत, तो त्यांतील कोणती दुर्मिळ, कोणती सार्वत्रिक आणि कोणती आधी जाईल हे सांगू शकत नाही. ते सांगणारी माणसे महाविद्यालये व संशोधनसंस्था यांतूनच यावी लागतात आणि प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमांत वर्गीकरणाचे स्थान गेली अनेक वर्षे आकुंचन पावत आहे.

शिवाय त्या नोंदीत एक विसंगती आहे. स्क्लेरॅक्टिनियातील सर्व प्रवाळ भित्ती बांधत नाहीत. एकेकटे राहणारे, खडकाला चिकटून वाढणारे, लहान वसाहती करणारे अनेक प्रवाळ या गणात आहेत. शीर्षक म्हणते ‘भित्ती बांधणारे’ आणि कंस म्हणतो ‘सर्व’. कंसातील शब्द व्यापक असल्याने संरक्षण त्यांनाही मिळाले. मुंबईच्या किनाऱ्यावर प्रवाळभित्ती नाही. तेथील गढूळ पाण्यात भरती-ओहोटीच्या खडकांवर अशाच लहान वसाहती तग धरून आहेत. किनारी रस्त्याच्या बांधकामात हाजी अली व वरळी येथील खडकांवर त्या आढळल्या, तेव्हा अनुसूचीतील या एका नोंदीमुळे काम पुढे नेण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी लागली आणि २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली १८ वसाहती खडकांसह उचलून दुसरीकडे नेण्यात आल्या.